ऑक्टोबरच्या आत एक पत्र

हे आवाहन एका पत्रासाठी आहे. पत्र पानभराचंच, पण ते ऑक्टोबर उजाडायच्या आत दिल्लीला पोहोचलं पाहिजे.

कारण सांगते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तिथल्या होबार्ट शहरात दरवर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एका आंतरराष्ट्रीय आयोगाची बैठक भरते. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातली जीवसृष्टी राखण्यासाठी १९८० साली एक करार झाला, १९८२ मध्ये तो लागू झाला; हा त्या कराराचा आयोग. २६ देश आणि युरोपीय महासंघ मिळून त्याचे २७ सदस्य. त्या समुद्रातून काय, किती आणि कुठून उचलायचं, ते हे लोक ठरवतात. तिथे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत झालं तर निर्णय, एकाने जरी नाही म्हटलं तरी विषय पुढच्या वर्षावर. तिथे भारताची खुर्ची १९८०च्या दशकापासून आहे. पण त्या खुर्चीवर बसणारं माणूस आपल्या वतीने काय बोलतं, हे महाराष्ट्रात किंवा गोव्यात किती जणांनी कधी विचारलं? मीही परवापरवापर्यंत विचारलं नव्हतं.

विचारायला लावलं ते माझ्या आत्याने. ती अर्नाळ्याची. डोल जाळ्यात येणारा जवळा उन्हात पसरणं, उलटणं, चाळणं आणि वाटे लावून विकणं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. एका विज्ञान प्रदर्शनात तिला घेऊन गेले होते. तिथे काचेच्या बरणीत दक्षिणेच्या समुद्रातला क्रिल ठेवला होता. पांढुरका पडलेला, करंगळीएवढा, आणि मिरीच्या दाण्यासारखे टपोरे काळे डोळे. आत्या चष्मा सावरून वाकली. "हा तर आपला जवळाच की! डोळे तेवढे मोठे." मग तिने धंद्यातला प्रश्न विचारला, "तयार किती दिवसांत होतो?" बरणीशेजारी उभ्या असलेल्या मुलाने सांगितलं, अंडी घालण्याजोगा व्हायला दोन-तीन वर्षं, आणि जगतो पाच-सहा वर्षं. आत्या त्या बरणीकडे बघत राहिली. म्हणाली, "वर्षं? मग याला जवळ्याच्या हिशेबाने कसा मारतात?"

नात्याने क्रिल जवळ्याचा सख्खा नाही, लांबचा आहे. पण आत्याचा प्रश्न नेमका होता. जवळ्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं. एक हंगाम बुडाला तर पुढच्याला तो पुन्हा येतो, निदान आजवर येत आलाय. क्रिलचं तसं नाही. वजन जेमतेम दोन ग्रॅम, पण वाढ सावकाश. उन्हाळ्यात तो पाण्यातलं हिरवं शेवाळ खातो. हिवाळ्यात सूर्य दिसेनासा होतो तेव्हा त्याची पिल्लं तरंगत्या बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेलं शेवाळ खरवडून दिवस काढतात. त्यांच्यासाठी समुद्राचा बर्फ म्हणजे उलटं टांगलेलं शेत. ते शेत आता आटतंय. २०२३च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ १७.९ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घसरला. १९७९पासून उपग्रहांनी अखंड मोजणी चालवली आहे, तिच्यातला हा नीचांक. त्याच वर्षी सप्टेंबरात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या अखेरीला, बर्फ जेवढा वाढायला हवा तेवढाही वाढला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२मध्ये, बेलिंगशाउझेन समुद्रातला बर्फ वेळेआधी फुटला आणि तिथल्या एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखलं. पिसं जलरोधक व्हायच्या आत पायाखालचा बर्फ गेला की पिल्लू बुडतं किंवा गारठून मरतं.

या समुद्रात कोणी कोणाला खातं याची यादी करायला बसलं तर ती फिरून क्रिलपाशीच येते. निळा देवमासा, कुबड्या देवमासा, फिन देवमासा, ॲडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू पेंग्विन, केसाळ सील, क्रॅबईटर सील (नावात खेकडा असला तरी तो खातो क्रिलच). आणि आता माणूस. माणूस क्रिल फारसा ताटात घेत नाही. एक तर त्याच्या कवचात फ्लोराइड असतं. दुसरं म्हणजे मेल्याबरोबर त्याच्या पोटातलेच पाचक रस त्याला आतून विरघळवू लागतात, त्यामुळे तो काही तासांत जहाजावरच शिजवावा, वाळवावा लागतो. त्याचं पीठ होतं आणि तेल निघतं. पीठ मुख्यतः पाळीव सामन माशांच्या खाद्यात आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जातं. तेल कॅप्सूलमध्ये भरून 'ओमेगा-३' म्हणून विकलं जातं, आपल्याकडेही ऑनलाइन आणि औषधांच्या दुकानांत मिळतं. या मासेमारीत नॉर्वेची जहाजं सर्वांत पुढे आहेत, चीनची मागोमाग. जहाजं थोडी आहेत, डझनभराच्या आसपास, पण काही जहाजं जाळं वर ओढतच नाहीत. जाळं पाण्यातच ठेवून त्याच्या टोकाला लावलेल्या नळीने क्रिल सलग वर शोषून घेतात, रात्रंदिवस.

आता आकडे. इथेच खरी मेख आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

दक्षिण अटलांटिकच्या ज्या पट्ट्यात ही मासेमारी चालते तिथे २०१९च्या मोजणीत ६.२६ कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. त्याआधीची मोठी मोजणी २००० सालची. म्हणजे एवढा सगळा व्यवहार दोन मोजण्यांच्या भरवशावर चाललाय, आणि त्या दोहोंत १९ वर्षांचं अंतर. या पट्ट्यातून एका हंगामात ६.२ लाख टनांच्या वर क्रिल काढायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे साधारण शंभरातला एक. हे ऐकून कोणीही म्हणेल, शंभरातला एक घेतला तर काय बिघडलं? मासेमारी करणाऱ्या कंपन्याही हेच म्हणतात, आणि एकूण पट्ट्याच्या हिशेबाने त्यांचं म्हणणं खोटं नाही.

पण मासा कधी एकूण पट्ट्यात सारखा पसरलेला असतो का? वसईच्या खाडीतून सगळा जवळा उपसला आणि म्हटलं, कोकणपट्टीच्या हिशेबाने हा अगदी थोडा आहे, तर वसईच्या बाईने चुलीवर काय ठेवायचं? पेंग्विनची गोष्ट हीच आहे. पिल्लू घरट्यात असताना आई-बाप दूर जाऊ शकत नाहीत. वसाहतीजवळच्याच टापूतून पोट भरून परत यायचं आणि ते पिल्लाच्या चोचीत उलटायचं. जहाजांनाही तेच टापू हवे असतात, कारण क्रिल तिथेच दाट असतो: अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा किनारा, दक्षिण शेटलंड बेटं, दक्षिण ऑर्कनी बेटं. पेंग्विन एका ठिकाणी बांधलेला आणि जहाज हवं तिकडे जाणारं, ही बरोबरी नव्हे.

म्हणून २००९पासून एक शहाणा नियम होता. ६.२ लाख टन एकाच ठिकाणाहून उपसायचे नाहीत, चार विभागांत वाटून घ्यायचे. द्वीपकल्पाच्या भागातून जास्तीत जास्त चौथा हिस्सा, १.५५ लाख टन. हा नियम परिपूर्ण नव्हता, पण एका जागी तुटून पडायला तो अडसर होता. २०२४च्या बैठकीत त्याची मुदत वाढवण्यावर एकमत झालं नाही आणि तो नियम संपला. वरची मर्यादा राहिली, वाटप गेलं. पुढच्याच हंगामात काय झालं? १ डिसेंबरला सुरू झालेली मासेमारी १ ऑगस्ट २०२५ रोजी बंद करावी लागली, कारण हंगामाचे चार महिने शिल्लक असतानाच ६.२ लाख टनांचा आकडा गाठला गेला होता. असं त्या मासेमारीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

शंभरातल्या एकाची गोष्ट कुठे लंगडी पडते, हे शास्त्रज्ञांनी नुसत्या अंदाजाने सांगितलेलं नाही. जॉर्ज वॉटर्स आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी द्वीपकल्पाजवळच्या पेंग्विनांच्या तीसेक वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळपासच्या छोट्या टापूतल्या क्रिलपैकी दहाव्या भागाच्या वर मासेमारीत गेला की पेंग्विनांचं जे नुकसान होतं ते वाईट हवामानाच्या वर्षाइतकंच असतं. अशा नोंदी कशा होतात, हे मला फार आवडतं. पिल्लू घरटं सोडायच्या सुमाराला त्याला अलगद पिशवीत घालतात, पिशवी काट्याला लटकवतात, वजन लिहितात आणि पिल्लाला जागेवर ठेवतात. आई-बाप समुद्रातून किती तासांनी परततात, ते टिपतात. चार ग्रॅम इकडे, दोन तास तिकडे. दरवर्षी, त्याच वसाहतीत, गोठवणाऱ्या वाऱ्यात, हातमोजे काढून पेन्सिल धरायची. ही कामं वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कधी येत नाहीत, पण कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक, हे शेवटी त्या वहीवरूनच ठरतं.

आणि त्या समुद्रात आपण एकदा पस्तावलो आहोतच. १९६९-७०च्या हंगामात सोव्हिएत ट्रॉलर दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती शिरले. तिथे मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा होता, खंडीने होता. एका हंगामात सुमारे ४ लाख टन काढला. दोनेक हंगामांत तो जवळजवळ संपला. १९८०च्या दशकात त्याच्या मासेमारीवर बंदी आली, ती अजून उठवता आलेली नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. ज्यांनी ती जाळी टाकली त्यातले बरेच जण आता हयातही नसतील. एक हंगाम, आणि त्याची भरपाई दोन पिढ्यांत होत नाही. असल्या थंड पाण्यात सगळंच सावकाश चालतं, वाढही आणि सावरणंही.

तरीही मी हे निराशेने लिहीत नाही. याच आयोगाने, याच टेबलावर, एक काम इतकं चांगलं केलंय की ते शाळेत शिकवावं. टूथफिश या मोठ्या माशासाठी दक्षिण जॉर्जियाजवळ मैलोन्‌मैल लांबीची गळांची दोरी सोडायचे. दोरी बुडायच्या आत आमिषावर अल्बट्रॉस झडप घालायचे, गळ चोचीत अडकायचा आणि पक्षी दोरीबरोबर खाली जायचा. १९९०च्या दशकात एकेका हंगामात हजारो पक्षी गेले. आणि अल्बट्रॉस एका वेळी एकच अंडं घालतो; भटक्या अल्बट्रॉसची जोडी तर सहसा दोन वर्षांतून एकदा. उपाय फार भारी नव्हते. दोरीला वजन बांधा म्हणजे ती पटकन बुडेल. रात्री सोडा. मागे फडफडत्या रंगीत पट्ट्यांची दोरी ओढत न्या, म्हणजे शेतातलं बुजगावणं समुद्रावर आणा. आणि पक्षी पिल्लं वाढवत असतात त्या महिन्यांत मासेमारी बंद. काही वर्षांत दक्षिण जॉर्जियाच्या परवानाधारक जहाजांवरचे हे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद ठेवण्याचा नियम आपल्याला पाठ आहे. त्या नियमामागचं शहाणपण कोळीवाड्याला समजावून सांगावं लागत नाही. तेच शहाणपण आहे हे. क्रिलच्या बाबतीत ते अडलंय, एवढंच.

अडलंय कुठे, तेही सांगते. रॉस समुद्रात २०१६च्या बैठकीत १५.५ लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र ठरलं आणि १ डिसेंबर २०१७पासून लागू झालं. तेव्हा वाटलं, आता बाकीची ओळीने होतील. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र, अंटार्क्टिक द्वीपकल्प असे प्रस्ताव वर्षानुवर्षं टेबलावर पडून आहेत. रशिया आणि चीन यांची संमती मिळत नाही. २०२१च्या सप्टेंबरात भारताने जाहीर केलं की पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या प्रस्तावांचा आपणही सहप्रस्तावक होऊ. हा मोठा निर्णय होता. आपल्याकडे त्याच्या दोन ओळी छापून आल्या आणि विषय संपला.

वेडेल समुद्र म्हणजे काय, हे एका चित्रातून सांगते. २०२१च्या फेब्रुवारीत जर्मन संशोधन जहाज पोलारश्टेर्न बर्फातून वाट काढत तिथे गेलं. तळापासून दोन-अडीच मीटरवर तरंगता कॅमेरा जहाजामागे ओढत नेत होते. पडद्यावर एक गोल खळगा दिसला. मग दुसरा. मग खळगेच खळगे, तासन्‌तास. एकेक खळगा पाऊण मीटर रुंद, खडे साफ करून आखलेला, बहुतेकांत दीड-दोन हजार अंडी आणि वर पहारा देणारा एक मासा. तो आइसफिश, ज्याच्या रक्तात लाल रंगद्रव्यच नसतं. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा २४० चौरस किलोमीटरांत सुमारे ६ कोटी घरटी निघाली. चारशे-पाचशे मीटर खोल काळोखात हे आधीपासूनच होतं, आपण फक्त पाहिलं नव्हतं. एखादा भाग राखायचा की नाही, हे आपण आधी ठरवतो आणि तिथे काय आहे ते मागाहून कळतं, याची भीती मला तेव्हापासून बसली आहे.

आपला या समुद्राशी संबंध काय, असं कोणी विचारलं तर हाताशी उत्तर आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम, समुद्राच्या जीवसृष्टीचे अभ्यासक, दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एकेकाळचे संचालक. ९ जानेवारी १९८२ला ते तिथे उतरले. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आजही वास्कोला, सडा टेकडीवर आहे. मैत्री आणि भारती ही आपली दोन ठाणी तिकडे चालू आहेत. १९९५-९६मध्ये भारताने खास क्रिलसाठीही मोहीम काढली होती. म्हणजे आपण या प्रकरणात बाहेरचे प्रेक्षक नाही. आपल्याकडे माणसं आहेत, जहाजं आहेत, खुर्ची आहे.

म्हणून विनंती. मासे खाऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः शुक्रवारची वाट बघते. पण घरात क्रिल तेलाची बाटली असेल तर ती संपल्यावर नवी आणू नका. ओमेगा-३ बांगड्यात आहे, तारलीत आहे, पेडव्यात आहे. शाकाहारी घरात शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं आणि जवसाची चटणी तर आहेच. डॉक्टरांनीच काही लिहून दिलं असेल तर अर्थात त्यांना विचारून ठरवा. ब्रिटनमधल्या एका मोठ्या दुकानसाखळीने २०१८मध्ये क्रिलचे पदार्थ विकणं बंद करण्याचं ठरवलं, ते गिऱ्हाइकांच्या दबावामुळेच. पालघर, रायगडकडे कोळंबीची तळी असणाऱ्यांनी खाद्याच्या पोत्यावर क्रिलचं पीठ लिहिलंय का ते पाहावं आणि विक्रेत्याला विचारावं. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की खाद्य बनवणारे कान टवकारतात.

शिक्षकांना एक सांगायचंय. पेंग्विनच्या वसाहतींत बसवलेल्या कॅमेऱ्यांची लाखो छायाचित्रं शास्त्रज्ञांकडे पडून असतात आणि मोजायला माणसं कमी पडतात. 'पेंग्विन वॉच' या उपक्रमात घरबसल्या संगणकावर पेंग्विन, पिल्लं आणि अंडी मोजून नोंदवता येतात, पैसे लागत नाहीत. सातवी-आठवीची मुलं हे सहज करतील. आणि हल्ली पुण्या-मुंबईहून अंटार्क्टिकाच्या सहलीला जाणारी मंडळी आहेतच. त्यांनी कुबड्या देवमाशाच्या शेपटीचे खालून दिसणारे फोटो 'हॅपीव्हेल'वर चढवावेत. प्रत्येक शेपटीवरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. तुमच्या फोटोवरून तो देवमासा कुठून कुठे गेला, हे कोणाला तरी कळतं.

पण यातलं काहीच जमलं नाही तरी पत्र लिहा. पत्ता: पृथ्वी विज्ञान मंत्रालय, पृथ्वी भवन, लोधी रोड, नवी दिल्ली ११०००३. प्रत आपापल्या खासदारांना. मराठीत लिहिलं तरी चालतं. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमाने तो हक्क दिला आहे. ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ यांनी ठराव करून पाठवला तर आणखी चांगलं. गणपतीत माणसं एकत्र येतातच, पाच मिनिटं काढा. मजकूर सुचत नसेल तर हा घ्या, आणि आपल्या शब्दांत बदला:

"मा. मंत्रिमहोदय, अंटार्क्टिक सागरी जीवसंपदा आयोगाच्या येत्या बैठकीत भारताने तीन गोष्टींचा आग्रह धरावा, ही विनंती. पहिली, क्रिलची मासेमारी विभागवार वाटून देणारा आणि २०२४मध्ये संपलेला नियम पुन्हा लागू व्हावा, आणि पेंग्विन पिल्लं वाढवत असतात त्या काळात वसाहतींजवळचे टापू बंद ठेवावेत. दुसरी, पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या संरक्षित क्षेत्रांचा भारत सहप्रस्तावक आहे. इतर सदस्यांचं मन वळवण्यासाठी भारताने पुढाकार घ्यावा. तिसरी, क्रिलची मोठी मोजणी पुन्हा १९ वर्षांनी न होता ठरावीक मुदतीने व्हावी आणि तिच्यात भारताचं जहाज व शास्त्रज्ञ असावेत. बैठकीत भारताने काय भूमिका मांडली, ते बैठकीनंतर संसदेत आणि मराठीसह भारतीय भाषांत जाहीर करावं. कळावे."

खाली नाव, गाव आणि तारीख घाला. तारीख सप्टेंबरची असली तर बरं.